गिऱ्हाइकांची खतावणी : प्रस्तावना

छोट्या व्यापाऱ्याने भांडवल कोठून उभारावे, माल कोणत्या पेठेतून उचलावा, दुकान रस्त्याच्या कोणत्या अंगाला थाटावे आणि भाव किती धरावा, याविषयी न विचारता सल्ला देणारी माणसे गावोगाव भेटतात. परंतु ज्याच्या येण्याजाण्यावर त्या भांडवलाचे, मालाचे आणि भावाचे भवितव्य अवलंबून असते, त्या गिऱ्हाइकाची नोंद कशी ठेवावी हे सांगणारा मनुष्य क्वचितच आढळतो. गिऱ्हाईक ओळखीचे आहे, त्याचे नाव तोंडपाठ आहे, ते दारात उभे राहिले की त्याला काय हवे हेही आपल्याला ठाऊक आहे, मग लिहून ठेवायचे ते काय, असा बहुतेकांचा समज असतो. आणि जोपर्यंत दुकान एकाच माणसाच्या हातात आहे, गिऱ्हाईक एकाच गावचे आहे व दोघांचीही प्रकृती ठणठणीत आहे, तोपर्यंत हा समज खोटा ठरण्याचे कारणही पडत नाही. ज्यांचा हा समज परिस्थितीने खोटा ठरविला आहे, किंवा लवकरच ठरविणार आहे, अशा व्यावसायिकांसाठी प्रस्तुत पुस्तिका आहे. महाड आणि पोलादपूर हे दोन तालुके, आणि त्यांतही पोलादपूरहून कापडे गावावरून आंबेनळीच्या घाटाने महाबळेश्वराकडे चढणाऱ्या रस्त्याच्या आधाराने पोट भरणारे उपाहारगृहवाले, घरगुती निवासाची सोय करणारी कुटुंबे, नाचणीचे पापड आणि कोकमाचे आगळ विकणारे महिला बचत गट, आंब्याचे बागाईतदार, गाड्यांचे दुरुस्तीवाले आणि गणपतीचे मूर्तिकार ही मंडळी तिच्या लेखनात सतत डोळ्यांसमोर ठेवली आहेत.

आजच्या बोलीत ज्याला ग्राहकांचा डेटाबेस म्हणतात, त्याची रीत आमच्या पेढ्यांना परकी नव्हती. जुन्या जमाखर्चात व्यवहार घडेल तसा तो तारीखवार रोजकीर्दीत चढविला जाई. मग त्याच रकमा असामीवार खतावणीत उतरत, खतावणीतील बाक्यांची तेरीज काढली जाई आणि वर्षाअखेर ताळेबंद सिद्ध होई. लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने १४९४ साली व्हेनिस येथे छापविलेल्या आपल्या ग्रंथात व्यापाऱ्याने टाचणवही, रोजनामा आणि खातेवही अशा तीन वह्या ठेवाव्यात, असेच सांगितले आहे. एकमेकांची भाषा न जाणणाऱ्या दोन मुलखांतील हिशेबनीस एकाच व्यवस्थेपाशी येऊन पोहोचले, याचे कारण त्या व्यवस्थेच्या मुळाशी असलेली गरज सर्वत्र सारखीच आहे. व्यापाऱ्याला दोन प्रश्नांची उत्तरे हवी असतात : आज काय घडले, आणि अमुक माणसाशी आपला आजवरचा संबंध काय. पहिल्याचे उत्तर कीर्द देते. दुसऱ्याचे खतावणीवाचून मिळत नाही.

आजच्या छोट्या दुकानदाराची अडचण अशी की, त्याच्यापाशी कीर्द आहे आणि खतावणी नाही. २०१६ साली यूपीआयची व्यवस्था सुरू झाली आणि थोड्याच वर्षांत ती वडापावच्या गाडीपर्यंत येऊन पोहोचली. गल्ल्याशेजारी ठेवलेले यंत्र रक्कम जमा होताच मोठ्याने पुकारा करते, आणि रात्री मोबाइल उघडला की दिवसभरातील प्रत्येक रक्कम तासा-मिनिटासह हजर असते. इतकी बिनचूक कीर्द कोणत्याही दिवाणजीने लिहिली नसती. परंतु दुपारी दोन वाजता ज्याने सहाशे चाळीस रुपये दिले तो पुण्याहून प्रतापगड पाहण्यास आलेला प्रवासी होता, की दर महिन्याला याच रस्त्याने जाणारा आणि याच बाकावर बसून जेवणारा कोणी फिरता विक्रेता होता, हे त्या यादीवरून कळत नाही. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, जे गिऱ्हाईक दिवाळीपासून फिरकलेच नाही, त्याच्याविषयी ती यादी एक अक्षरही बोलत नाही. न आलेल्या माणसाची नोंद कीर्दीत होऊच शकत नाही. ती खतावणीतच दिसते, कारण तेथे त्याच्या नावाचे पान असते आणि त्या पानावरची शेवटची तारीख जुनी झालेली असते. धंदा खालावतो तो बहुधा न आलेल्या माणसांमुळे, आणि त्यांचीच दाद कोणत्याही बिलबुकात लागत नाही.

हे विवेचन कोठल्याही पेठेला लागू पडणारे असले, तरी आंबेनळीच्या परिसरात त्याची निकड अधिक आहे. महाडची पेठ एके काळी सावित्रीच्या खाडीवर जगली. दासगाव-महाडपर्यंत गलबते येत, आणि घाटमाथ्यावरून बैलांच्या पाठीवर उतरणारा माल तेथे त्यांची वाट पाहत असे. पुढे गाडीरस्ते झाले. मुंबईचे गव्हर्नर म्हणून १८६७ पासून १८७२ पर्यंत कारभार करणारे फिट्झजेराल्ड यांचे नाव मिळालेला आंबेनळीचा घाट महाबळेश्वराला कोकणाशी जोडू लागला, आणि मुंबई-गोवा महामार्गाने पोलादपूरला येणाजाणाऱ्यांचे ठाणे बनविले. अशा रीतीने येथील बहुतेक छोट्या धंद्यांना गिऱ्हाईक मिळाले ते रस्त्याने आणून दिले म्हणून. आणि रस्त्याने आणलेले गिऱ्हाईक मूलतः रस्त्याचेच असते, दुकानाचे नसते. पावसाळ्यात दरड आली आणि घाट बंद झाला की ते थांबते. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत आंबेनळीचा रस्ता ठिकठिकाणी खचला आणि वाहतूक बंद पडली, तेव्हा घाटातील चुली आपोआपच विझल्या. कशेडीच्या घाटाला बोगद्याचा पर्याय मिळाला, तेव्हा वळणावळणांच्या रस्त्यात चहासाठी थांबणारा प्रवासी डोंगराच्या पोटातून परस्पर निघून जाऊ लागला. सरकारने रस्ता सुधारला याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. ज्या दुकानदारापाशी आपल्या शंभर गिऱ्हाइकांची नावे व क्रमांक आहेत, तो रस्ता बंद असतानाही त्यांना माल पाठवू शकतो, आणि ज्याच्यापाशी ते नाहीत, तो रस्ता उघडण्याची वाट पाहत बसतो, एवढाच यातला बोध आहे.

दुसरे स्थानिक वैशिष्ट्य चाकरमान्यांचे. हा मुलूख पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या कमाईवर चालत आला आहे. घर येथे, मिळवता माणूस तेथे, अशी कुटुंबाची मांडणी असल्यामुळे गवंड्याचे, सुताराचे, आंबेवाल्याचे अथवा मूर्तिकाराचे गिऱ्हाईक अनेकदा राहते एकीकडे आणि माल घेते दुसरीकडे. ते येते तेही ठरावीक हंगामाने : शिमग्याला, मे महिन्यात, गणपतीत. त्यात महाडची म्हणून काही खास निमित्ते आहेत. १९२७ च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या स्मरणार्थ २० मार्चला येथे मोठा जनसमुदाय लोटतो, आणि ६ जूनला राज्याभिषेकाच्या सोहळ्यासाठी रायगडाच्या वाटा फुलून जातात. कोणते गिऱ्हाईक कोणत्या निमित्ताने आले, याचा एक रकाना वहीत असला, तर वर्षभराचा माल केव्हा आणि किती भरावा याचे अर्धे उत्तर त्या रकान्यातच मिळते. सर्वांना एकच संदेश वर्षातून दहा वेळा पाठविण्यापेक्षा ज्याचा जो हंगाम त्याला तेव्हा एकदा विचारणे, हे अधिक शहाणपणाचे आणि अधिक सभ्यपणाचेही आहे.

अशा नोंदीचा आमच्या समाजातील सर्वांत टिकाऊ नमुना पाहावयाचा असेल, तर तो बाजारात न शोधता तीर्थक्षेत्री शोधावा लागेल. नाशिक-त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या नामावळीच्या वह्या पुष्कळांनी पाहिल्या असतील. यजमानाने आपले नाव, मूळ गाव आणि आडनाव सांगावे, उपाध्यायाने त्यानुसार बाड काढावे, आणि त्यातून यजमानाचा पणजा केव्हा आला होता, त्याच्याबरोबर कोण होते, त्याने स्वहस्ते काय लिहून ठेवले, हे वाचून दाखवावे, हा प्रकार ऐकणाऱ्याला चमत्कारासारखा वाटतो. पण त्यात चमत्कार मुळीच नाही, व्यवस्था आहे. त्या वह्यांचा अनुक्रम गाव आणि आडनाव यांवर लावलेला असतो, कारण यजमानाला स्वतःच्या आजोबांच्या भेटीची तारीख आठवणार नाही, पण आपले गाव आणि आडनाव तो विसरणार नाही, हे त्या मंडळींनी ओळखले होते. प्रत्येक नवी नोंद जुन्या नोंदीला जोडूनच होते. आणि वही वडिलांकडून मुलाकडे जाते ती वाचता येईल अशा स्थितीत जाते. नोंद शोधणाऱ्याच्या सोयीने लावणे, नवी भेट जुन्या पानाशी जोडणे आणि दुसऱ्याला वाचता येईल असे लिहिणे, ही तीन पथ्ये ज्याने पाळली त्याला या विषयात शिकण्यासारखे फारसे उरत नाही.

यांपैकी पहिले पथ्य सुटले म्हणजे काय होते, याचेही उदाहरण आमच्याच इतिहासात आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल जपून ठेवलेले होते. परंतु कागद जपला म्हणजे तो सापडतोच असे नाही. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली १९३० ते १९३४ या काळात त्या दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड बाहेर पडले, तेव्हा कोठे अभ्यासकांना त्या संग्रहाच्या अंतरंगात शिरण्याची वाट मिळाली. राज्याच्या दप्तराला असा संपादक लाभला. गावच्या दुकानातील उधारीच्या वह्यांच्या गठ्ठ्याला तो लाभण्याचा संभव नाही. म्हणून शोधण्याची तजवीज लिहिण्याच्या वेळीच केली पाहिजे.

प्रत्यक्ष नोंद कशी असते हे जवळून पाहावयाचे तर गणपतीच्या कारखान्यात जावे. चतुर्थीच्या बऱ्याच आधी घरोघरचे पाट तेथे येऊन पडतात. पाटाच्या पाठीवर खडूने किंवा रंगाने आडनाव आणि वाडी लिहिलेली असते. मूर्तिकाराच्या वहीत त्याच नावापुढे मूर्तीची उंची, आसन, फेट्याचा वा मुकुटाचा आग्रह, ठरलेली किंमत, दिलेला इसार, राहिलेली बाकी आणि मूर्ती न्यावयाची वेळ असा मजकूर असतो. कित्येक घराण्यांत उंचीचा शिरस्ता ठरलेला असतो आणि तो बदललेला चालत नाही. तेव्हा मागील वर्षाची वही हाताशी असणे ही मूर्तिकाराच्या दृष्टीने सोय, तर गिऱ्हाइकाच्या दृष्टीने विश्वासाची खूण ठरते. येथेच एक मार्मिक प्रश्न उभा राहतो. भाऊ वेगळे झाले, चुली तीन झाल्या, पण गणपती मात्र एकच राहिला आणि तो पाळीपाळीने एकेकाच्या घरी बसू लागला, तर मूर्तिकाराचे गिऱ्हाईक कोण? पाट देणारा भाऊ, इसार पाठविणारा मुंबईचा पुतण्या, की ज्याच्या नावाने पाट ओळखला जातो तो कैलासवासी आजोबा? मूर्तिकार व्यवहाराने याचे उत्तर देतो : त्याच्या लेखी गिऱ्हाईक म्हणजे घर, आणि माणसे ही त्या घराच्या वतीने बोलणारी. दुरुस्तीवाल्याच्या लेखी गिऱ्हाईक म्हणजे गाडी असू शकते, कारण गाडी विकली गेली तरी तिच्या इंजिनाचा इतिहास तिच्याबरोबर जातो. निवासवाल्याच्या लेखी ते खोलीचे आरक्षण करणारा एक माणूस असते, बरोबर आलेली बाकीची मंडळी नव्हेत. आपल्या धंद्यात खाते नेमके कोणाच्या नावाचे, याचा निर्णय पहिला रकाना आखण्यापूर्वी झाला पाहिजे; तो न झाल्यास पुढे सगळी वही विसकटते.

तो निर्णय झाल्यावर रचना सोपी आहे. दोन वह्या, किंवा संगणकावर दोन कोष्टके, असावीत. एकीत गिऱ्हाइकाची स्थिर माहिती : अनुक्रमांक, नाव, गाव-वाडी, सध्याचे ठिकाण, मोबाइल, कोणाच्या ओळखीने आले, आणि संदेश पाठविण्यास त्याने संमती दिली त्याची तारीख. दुसरीत व्यवहार : तारीख, गिऱ्हाइकाचा अनुक्रमांक, जिन्नस, नग, रक्कम, वसूल, येणे आणि शेरा. उदाहरणार्थ, पहिल्या वहीत सतराव्या क्रमांकावर नालासोपाऱ्यात राहणाऱ्या एखाद्या शिंदे वहिनी असतील. दुसऱ्या वहीत १२ एप्रिलच्या ओळीत त्यांचे नाव-पत्ता पुन्हा न लिहिता केवळ ‘१७’ हा आकडा पडेल, आणि पुढे ‘नाचणीचे पापड चार पाकिटे, आगळ दोन बाटल्या, एसटीच्या पार्सलने रवाना, येणे दीडशे’ असा तपशील येईल. वहिनींनी घर बदलले तर दुरुस्ती एकाच ठिकाणी करावी लागेल, आणि जुने सर्व व्यवहार आपोआप नव्या पत्त्याशी जोडलेले राहतील. एडगर कॉड या आयबीएम कंपनीतील गणितज्ञाने १९७० साली एका निबंधात जी उपपत्ती मांडली, आणि जिच्यावर पुढे बँकांचे व रेल्वे आरक्षणांचे प्रचंड संगणकीय व्यवहार उभे राहिले, तिचा गाभा या दोन वह्यांहून फारसा निराळा नाही : माहिती कोष्टकांत मांडावी, एक गोष्ट एकाच जागी लिहावी, आणि कोष्टके सामाईक खुणेने जोडावीत.

ही सामाईक खूण म्हणून नाव घेऊ नये, हे येथे आग्रहाने सांगितले पाहिजे. एका वाडीत एकाच आडनावाची पंधरा घरे असतात, आणि त्या पंधरा घरांत एकच नाव तीन पिढ्यांना फिरून फिरून ठेवलेले असते. उलट, एकच बाई ‘शिंदे वहिनी’, ‘सौ. शिंदे, नालासोपारा’ आणि ‘पापडवाल्या काकू’ अशा तीन नावांनी तीन पानांवर बसते, आणि वर्षाअखेर आपली तीन गिऱ्हाइके झाली म्हणून दुकानदार समाधान मानतो. मोबाइलचा क्रमांक ओळख पटविण्यास उत्तम, पण तोही कायमची खूण होऊ शकत नाही. तो बदलतो, आणि कित्येक घरांत सासू-सुनांचा मिळून एकच असतो. म्हणून अनुक्रमांक आपला आपण द्यावा, आणि एकदा दिलेला क्रमांक ते गिऱ्हाईक कायमचे तुटले तरी दुसऱ्याला देऊ नये. नाव देवनागरीत लिहावयाचे की रोमन लिपीत, हे एकदा ठरवून मग त्यात बदल करू नये, नाहीतर शोधताना निम्मी नावे हाती लागत नाहीत. तारीख आधी दिवस, मग महिना, मग वर्ष अशाच क्रमाने लिहावी. मोबाइलचे दहाच अंक लिहावेत, कोठे शून्य आणि कोठे अधिक एक्याण्णव अशी सरमिसळ करू नये. नवी नोंद करण्यापूर्वी जुनी आहे का, याची रुजवात घालावी. ही कामे कंटाळवाणी आहेत, यात शंका नाही. परंतु वही विश्वासार्ह राहते ती असल्याच कामांमुळे.

साधन कोणते, याविषयी या पुस्तिकेत हटवाद नाही. घाटात पुष्कळ ठिकाणी मोबाइलला रेंज नसते, आणि गर्दीच्या वेळी पीठ लागलेल्या हाताने कोणी संगणक उघडणार नाही. तेव्हा दिवसा कागदावर टिपण आणि संध्याकाळी एक्सेलच्या कोष्टकात उतरवण, हा क्रम येथे अधिक व्यवहार्य होय. तयार अ‍ॅप घ्यावयाचे असेल तर त्याच्या रंगरूपाआधी एवढे विचारावे की, आपली सर्व माहिती एका फाइलीत आपल्याला परत काढून घेता येते की नाही. येत नसेल तर वही आपली नाही, अ‍ॅपवाल्याची आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरून एकाच वेळी अनेकांना संदेश धाडण्याची सोय मोठी असली, तरी ब्रॉडकास्टच्या यादीतील संदेश ज्याने आपला क्रमांक स्वतःच्या मोबाइलमध्ये जतन केला आहे त्यालाच पोहोचतो. म्हणजे आपण गिऱ्हाइकाची नोंद करणे पुरेसे नाही. त्यानेही आपली नोंद केलेली असावी लागते, आणि ती तो आपण होऊन, आपला व्यवहार पटला तरच करतो.

आता या विषयाच्या नैतिक अंगाकडे वळले पाहिजे, कारण या पुस्तिकेचे मुख्य म्हणणे तेथेच आहे. गिऱ्हाइकाने दिलेली माहिती ही दुकानदाराची मिळकत नसून त्याच्यापाशी ठेवलेली अमानत आहे. अमानतीचे नियम आपल्याकडे सर्वांना ठाऊक असतात : ती ज्या कारणासाठी ठेवली त्याच कारणासाठी वापरावी, परस्पर दुसऱ्याच्या हवाली करू नये, आणि मालकाने मागितली तर विनातक्रार परत करावी. या कसोटीवर पाहिले तर पुष्कळ प्रचलित प्रथा टिकत नाहीत. गावोगावच्या मुंबई मंडळांपाशी वर्गणीदारांच्या याद्या असतात. त्या देवळाच्या जीर्णोद्धारासाठी आणि पालखीच्या खर्चासाठी दिलेल्या आहेत, आणि मंडळाचा एखादा पदाधिकारी आपला मित्र आहे म्हणून त्या उचलून आंब्याच्या पेट्यांची जाहिरात धाडणे हा अमानतीत अपहार होय. निवासाच्या ठिकाणी पाहुण्यांकडून घेतलेल्या आधारकार्डांच्या झेरॉक्सचा गठ्ठा उघड्या खणात पडलेला असतो, त्याचाही विचार याच न्यायाने व्हावयास हवा. ओळख पटविण्यासाठी घेतलेला कागद कुलपात असावा, आणि त्यावरून जन्मतारखा उतरवून शुभेच्छा पाठविण्याचा मोह टाळावा.

किती लिहावे याचा उत्तम धडा मुंबईच्या डबेवाल्यांनी घालून दिला आहे. १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेल्या या व्यवसायात डब्याच्या झाकणावर खुणा असतात त्या स्थानकाच्या, इमारतीच्या आणि मजल्याच्या. जेवणाऱ्याच्या नावाची तेथे गरजच पडत नाही. डबा पोहोचविण्यास जेवढे लागते तेवढेच झाकणावर आहे, आणि म्हणूनच ते एका दृष्टिक्षेपात वाचता येते. नवशिक्या वहीवाल्याची प्रवृत्ती नेमकी उलट असते; तो तीस रकाने आखतो, त्यांतले बावीस रिकामे राहतात, आणि उरलेल्या आठांवरचा विश्वासही त्या रिकामेपणामुळे उडतो. प्रत्येक रकाना आखताना ‘या माहितीवरून मी काय करणार आहे’ असे स्वतःला विचारावे, आणि उत्तर न सुचल्यास तो रकाना खोडावा.

नीतीने जे सांगितले त्याला आता कायद्याचेही पाठबळ मिळाले आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला, आणि २०२३ मध्ये संसदेने डिजिटल स्वरूपातील व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला. त्याचे मर्म असे की, माहिती कशासाठी घेत आहोत हे स्पष्ट सांगून संमती घ्यावी, सांगितलेल्या कारणापुरतीच ती वापरावी, आणि संमती मागे घेतली गेल्यास माहिती पुसावी. कागदी वही कागदीच राहिली तर ती या कायद्याच्या कक्षेत येत नाही. पण तीच माहिती संगणकात उतरविली की येते. संमती घेताना द्यावयाची सूचना गिऱ्हाइकाला इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत, म्हणजे आपल्याकडे मराठीत, वाचता येण्याची सोयही कायद्याने सांगितली आहे. तेव्हा ‘आंब्याचा हंगाम सुरू झाला की कळवू का?’ असे समोरच्या माणसाला साध्या मराठीत विचारून त्याच्या होकाराची तारीख लिहून ठेवणे, हे छोट्या दुकानदाराने अंगी बाणविण्याचे पहिले वळण आहे.

वहीच्या रक्षणाविषयी महाडच्या पेठेला उपदेशाची गरज पडू नये, इतका दारुण अनुभव तिने घेतला आहे. २२ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि गांधारी यांचे पाणी शहरात शिरले आणि बाजारपेठेतील तळमजल्यांवरची दुकाने बुडाली. त्याच दिवशी तळिये येथे दरडीखाली गाव गाडले गेले, आणि पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर सुतारवाडी येथेही माणसे गेली. त्या शोकापुढे वह्यांचा शोक करणे कोणालाही शोभणार नाही. तरीही ज्यांना पुन्हा दुकान उघडावयाचे असते, त्यांच्यापुढे हा प्रश्न येतोच. पंचनाम्यात भिजलेल्या मालाची नोंद होते. वहीबरोबर गेलेल्या येण्याची आणि वहीबरोबर हरवलेल्या गिऱ्हाइकांची होत नाही. म्हणून वहीची एक प्रत दुकानात, एक मोबाइलवर वा संगणकावर, आणि एक नदीच्या पाण्यापासून दूर, मुंबईच्या नातलगाकडे अथवा आंतरजालावरील साठ्यात असावी. आणि महिन्यातून एकदा ती दूरची प्रत उघडून वाचता येते की नाही हे पाहावे.

पुस्तिकेची मांडणी याच क्रमाने केली आहे. प्रथम खाते कोणाचे याचा निर्णय, नंतर रकान्यांची आखणी, मग जुन्या उधारीच्या वह्यांतून नावे उतरविण्याची रीत, पुढे दुबार नोंदींची छाननी, आणि शेवटी संमती, प्रती व वारसा यांविषयीचे नियम, असा तिचा ओघ आहे. मधल्या प्रकरणांत दिलेले नमुने काल्पनिक नावांचे आहेत, आणि ते जसेच्या तसे उचलण्यापेक्षा आपल्या धंद्याप्रमाणे बदलून घ्यावेत अशी अपेक्षा आहे. हे सर्व केल्याने विक्री किती वाढेल, याचे आश्वासन येथे कोठेही दिलेले नाही. माल वाईट असेल तर उत्तम वही त्याला वाचवू शकत नाही. किंबहुना असमाधानी गिऱ्हाईक नेमके कोण हे ती अधिक लवकर दाखवून देते, आणि तेही तिचे कामच आहे.

वाचकांना एवढीच विनंती की, जुन्या साऱ्या वह्या एकदम उतरविण्याचा संकल्प सोडून आजच्या तारखेपासून आरंभ करावा. आज जे गिऱ्हाईक येईल त्याला पहिला क्रमांक द्यावा, त्याची अनुमती विचारावी आणि त्याची ओळ पूर्ण लिहावी. जुनी माणसे जसजशी येतील तसतशी ती वहीत येतील, आणि जी वर्षभरात आली नाहीत त्यांची चौकशी करण्याचे कारण मिळेल. वर्ष सरल्यावर ती वही मुलाच्या, मुलीच्या किंवा सुनेच्या हाती द्यावी आणि आपण दोन दिवस दुकानाच्या बाहेर राहावे. वहीवरून त्यांना दुकान चालविता आले, तर ती वही खरी. न आले, तर ज्या जागी त्यांना अडले तेवढीच जागा दुरुस्त करून काम पुढे चालू ठेवावे.